तळ्याकाठी नवे घर बांधताना



बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घरबांधणीविषयी एक छोटा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर; नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे (अनुवाद २२:८). मिस्सामध्ये हे वचन क्वचितच ऐकायला मिळते, पण आपल्या मराठवाड्यातील माणसाला ते समजायला वेळ लागत नाही. त्या देशातील घरांची छपरे आपल्या माळवदांसारखी सपाट असत. तेथे लोक धान्य वाळवीत, उन्हाळ्यात झोपत, प्रार्थनाही करीत. पेत्र प्रार्थनेसाठी घराच्या छपरावर गेला होता, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो (प्रे. कृ. १०:९).

या नियमात एक मोठी गोष्ट आहे. घर माझे, जागा माझी, पैसा माझा; तरी ते बांधताना दुसऱ्याच्या जिवाचा विचार करणे देवाने माझ्यावर बंधनकारक केले आहे. कठड्यामुळे घरमालकाला एक खोली जास्त मिळत नाही. खर्च मात्र त्याचाच होतो. तो कठडा पाहुण्याच्या लेकरासाठी असतो.

आज या वचनाच्या आधारे आपण एका व्यावहारिक प्रश्नाचा अभ्यास करू या. तळ्याच्या, तलावाच्या किंवा नदीच्या काठावर आपले जुने घर असेल आणि ते पाडून नवे बांधायचे असेल, तर त्या घराचा 'कठडा' कोणता?

आपला किनवट परिसर

आपले किनवट पैनगंगेच्या काठी आहे. तालुक्यात ठिकठिकाणी पाझर तलाव आणि साठवण तलाव आहेत. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे पाऊस चांगला पडतो. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर. सागाचे जंगल आहे, पलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आपण निश्चिंत आहोत, असे आपल्याला वाटते.

पण आपल्याच मराठवाड्यातील दोन आठवणी डोळ्यांसमोर आणू या. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरले व माणसे दगावली. पाणी नसले तर काय होते आणि पाणी आपली जागा सोडून घरात आले तर काय होते, ही दोन्ही टोके आपण पाहिली आहेत. दोन्ही वेळी प्रश्न एकच असतो: पाण्याला थांबायला आणि मुरायला आपण जागा ठेवली का?

आमचा दोष

इतरांना शिकवण्याआधी आम्ही आमची चूक सांगतो. आमच्या घराचे काम निघाले तेव्हा जुन्या भिंतींची माती, विटांचे तुकडे आणि फुटकी कौले आम्ही तळ्याच्या कडेला टाकली. ट्रॅक्टरचे भाडे वाचले आणि अंगणही दहा-बारा फुटांनी वाढले. सगळ्यांनी आमच्या हुशारीचे कौतुक केले.

त्या जागेतून पावसाळ्यात एक ओघळ तळ्यात उतरत असे, हे आम्ही विसरलो होतो. आम्ही विसरलो तरी ओघळ विसरला नाही. पुढच्याच पावसाळ्यात पाणी आमच्या भरावाला अडून शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरले. शेजारी भांडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्याकडं आता पाणी येत नसंल ना?" तो प्रश्न आम्हाला फार लागला. दिवाळीनंतर आम्ही तो भराव काढून घेतला. वाचवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट खर्च आला. पण खरा हिशेब पैशांचा नव्हता. आम्ही आमच्या घराला कठडा केला नव्हता आणि दुसऱ्याच्या घरातील मुकी जनावरे रात्रभर पाण्यात उभी राहिली होती.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव आपल्या कळपातील धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो: तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात ते पुरे झाले नाही का, म्हणून उरलेले पायांनी गढूळ करता? (यहे. ३४:१८). तळ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येक घराने हे वचन वाचावे. आपल्या खाली कोणती वस्ती आहे, कोणाची जनावरे तेथे पाणी पितात, कोणाची आई तेथे धुणे धुते, हे आपल्याला माहीत असते.

इतरांच्या अनुभवातून धडे

पहिला धडा वसईचा. तेथील आपल्या कॅथलिक बांधवांच्या वाड्यांमध्ये पूर्वी घरोघरी 'बावखल' असे. बावखल म्हणजे वाडीतील छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, विहिरींना गोडे पाणी मिळे आणि केळी, पानवेल, भाजीपाला यांना शिंपणे होई. शहर वाढू लागले तशी बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती'ने मोठे आंदोलन उभारले. हेच फादर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे बंद पडली, तेव्हा बुजवलेल्या बावखलांची आठवण अनेकांना झाली.

दुसरा धडा मुंबईच्या पवई तलावाचा. १८९१ साली बांधलेल्या या तलावाच्या कडेने महानगरपालिकेने सायकल व चालण्याचा मार्ग करायला घेतला. हेतू लोकांच्या सोयीचा होता. भराव पाणी झिरपू देणारा आहे, असेही सांगण्यात आले. परंतु ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदेशीर ठरवले आणि बांधलेले काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. चांगल्या हेतूनेही तळ्याची जागा घेता येत नाही, हा त्यातील बोध आहे.

तिसरा धडा पोपमहोदयांच्या घरचा. रोमजवळ कास्टेल गांडोल्फो येथे अल्बानो सरोवराच्या वरच्या कड्यावर पोपमहोदयांचे उन्हाळी निवासस्थान आहे. पोप फ्रान्सिस तेथे राहायला गेले नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी तो राजवाडा सर्वांना पाहण्यासाठी खुला केला आणि २०२३ मध्ये तेथील सुमारे ५५ हेक्टरच्या बागा व शेतीवर 'बोर्गो लौदातो सी' हा प्रकल्प सुरू केला. पर्यावरणाला जपणारी शेती, पाणी व ऊर्जेचा काटकसरीने वापर आणि गरजू लोकांना व्यवसाय-शिक्षण, असे त्याचे स्वरूप आहे. ५ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या सरोवराचीही पातळी पाणी उपशामुळे गेल्या काही दशकांत खाली गेली आहे. म्हणजे काठावरच्या मालमत्तेचे नवे नियोजन करण्याचा प्रश्न जसा आपल्याला पडतो, तसा तो ख्रिस्तसभेच्या प्रमुखांनाही पडला. त्यांनी झाडे आणि जुन्या वास्तू राखल्या, जागेचा उपयोग बदलला आणि गरिबाला आत घेतले.

आराखडा काढण्याआधी

बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १४:२८). आपणही गवंडी बोलावण्याआधी काही गोष्टींचा हिशेब करू या.

१. हद्द. सातबारा किंवा नगर परिषदेचा उतारा काढावा आणि सरकारी मोजणी करून घ्यावी. मे महिन्यात पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते ती आपली वाढलेली जमीन नव्हे. ते तळ्याचे पोट आहे. तलावाच्या पोटातील जमीन गाळपेरासाठी मिळत असली, तरी ती पिकापुरती असते, पायासाठी नसते.

२. पाण्याची खूण. तलावाची पूर्ण संचय पातळी कोठवर आहे, हे संबंधित खात्याकडे विचारावे. नदीकाठी पूररेषा पाहावी. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जेथे रेषा आखलेली नाही तेथे वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. पाणी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांना पक्के आठवते.

३. कायदा. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार, त्या नियमांखाली येणाऱ्या पाणथळीच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांतून वगळलेले आहेत. पण त्यांना त्यांच्या खात्याचे नियम असतात. शिवाय आपल्या तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायत पातळीवर सोपवले आहे. म्हणून ग्रामसभेत विचारल्याशिवाय काठाला हात लावू नये.

एखाद्या तळ्याला कायद्याचे कलम लागू होत नसेल, तर ते बुजवायला आपण मोकळे झालो, असे ख्रिस्ती माणसाने म्हणू नये. भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहायला आलेले उपरे आहात, असे देवाने इस्राएलला बजावले होते (लेवीय २५:२३).

घर आणि काठ

आता नवे घर कसे मांडावे ते पाहू. समजा, तीन भावांचे मिळून एक जुने कौलारू घर आहे. मागे उतार, उताराच्या शेवटी तळे. तिघांनाही आपापला संसार थाटायचा आहे.

पहिली गोष्ट, जुने घर होते त्यापेक्षा नवे घर पाण्याकडे सरकू नये. शक्य असल्यास रस्त्याच्या बाजूला सरकावे. आपल्याकडील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. काठाजवळ ती दरवर्षी भिजते आणि सुकते, त्यामुळे पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो (मत्तय ७:२६-२७). काठावरील काळ्या मातीत घर बांधणाऱ्याची गोष्ट फारशी वेगळी नाही. तीन बैठी घरे पसरवण्यापेक्षा एकाच जोत्यावर एक मजला चढवला, तर जमीन मोकळी राहते आणि तिघांचा खर्चही वाचतो.

दुसरी गोष्ट, काठाची झाडे आणि गवत तोडू नये. काठ साफ करून फरशी बसवली की तो सुंदर दिसतो, पण पहिल्याच मोठ्या पावसात अंगणातील माती, साबण, शेण, सारे थेट पाण्यात जाते. काठावरील गवत आणि लव्हाळे ही तळ्याची गाळणी आहे. जेथे काठ उघडा पडला आहे तेथे वाळा लावावा. त्याची मुळे खोल जाऊन माती धरतात. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर ही पाण्याजवळ रमणारी आपल्याकडचीच झाडे आहेत. टिटवी काठाच्या उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती अंडी कोठे घातली यावरून जुने लोक पावसाचा अंदाज बांधत. एक कोपरा तिच्यासाठीही सोडावा.

तिसरी गोष्ट, मैला आणि सांडपाणी. अनेक घरांत शौचालयाची टाकी मागे, म्हणजे नेमकी तळ्याच्या बाजूला असते. नव्या बांधकामात ती पुढच्या, उंच बाजूला घ्यावी. टाकीला निदान दोन कप्पे असावेत. शोषखड्डा विहिरीपासून आणि पाण्याच्या काठापासून निदान वीस मीटर दूर असावा. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते आणि पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो, म्हणून न्हाणीचे व भांड्यांचे पाणी त्यात न सोडता वेगळे काढावे आणि वाळू-खडीच्या चरातून कर्दळीच्या व केळीच्या वाफ्यात सोडावे. साबणाच्या व मैल्याच्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी यांना लागणारे खत असते. ते तळ्यात गेले की पाणी हिरवे पडते. रात्री शेवाळ पाण्यातील प्राणवायू वापरते, आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात. लोक म्हणतात, तळ्याला रोग आला. रोग बहुधा आपल्या न्हाणीतून आलेला असतो.

चौथी गोष्ट, छपराचे पाणी. साधा हिशेब करू. ६० चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाचा हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० हजार लिटर. काही वाया गेले असे धरून पाचातील चार भाग हाती आले, तरी ४८ हजार लिटर होतात. लातूरला आलेल्या त्या गाडीच्या एका वाघिणीत जवळपास इतकेच पाणी होते! पाच माणसांच्या पिण्याला व स्वयंपाकाला रोज १०० लिटर धरले, तर वर्षाला ३६,५०० लिटर लागतात. सगळे पाणी साठवण्याएवढी टाकी आपल्याला परवडणार नाही. पण पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देऊन बाकीचे गाळून विहिरीत किंवा बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडता येते. नवे घर बांधतानाच पन्हळी आणि पाइप बसवले, तर खर्च फारसा वाढत नाही.

पाचवी गोष्ट, जुन्या घराचे सामान. आपल्या जुन्या घरांत सागवानी तुळया, दारे, चौकटी आहेत. ती विकून लोखंडी खिडक्या आणण्याआधी विचार करावा. घडीव दगड पायात जातात, धड कौले पडवीवर चढतात, विटांचे तुकडे जोत्याच्या भरावात बसतात. तळ्यात काही जाऊ नये. खोदकाम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आधी जमीन झाकावी, म्हणजे उकरलेली माती पावसाने वाहून जाणार नाही.

"आम्ही गरीब माणसे"

काहीजण म्हणतील, हे सारे मोठ्या बंगल्यांसाठी आहे; आमच्या अर्ध्या गुंठ्यात कसला काठ आणि कसली कर्दळ? ही अडचण खरी आहे. ज्याला जागाच नाही त्याला मागे सरक म्हणणे अन्यायाचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते यासाठीच. सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून जे एकट्याला जमत नाही ते वस्तीने मिळून करावे. चार घरांत एक मोठी टाकी, सामाईक शोषखड्डा, एकत्र आणलेला ट्रॅक्टर आणि काठाची एक पट्टी सर्वांनी मिळून राखलेली. आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याने आधी मागे सरकावे. आपल्यातील जो सधन आहे, त्याच्या घराचा कठडा अधिक उंच असायला हवा.

भावाभावांत वाटणी होते तेव्हाही हे लक्षात असू द्यावे. वाटणीत तळ्याकडची बाजू कोणाला आणि रस्त्याकडची कोणाला, यावरून वर्षानुवर्षे अबोला राहतो. काठाची पट्टी वाटणीत घालूच नये. ती तिघांची राहू द्यावी, म्हणजे आईला संध्याकाळी बसायला जागा राहील आणि भावांना एकमेकांशी बोलायला.

प्रभू येशूने गालील सरोवराच्या काठी शिष्यांना हाक मारली. पुनरुत्थानानंतर त्याच काठावर त्याने निखाऱ्यांवर मासळी भाजून त्यांना न्याहारी दिली (योहान २१:९-१२). त्या दिवशी तेथे बसायला मोकळा काठ होता आणि पाण्यात मासे होते. आपल्या लेकरांनाही तसा काठ मिळावा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घराचे सांडपाणी शेवटी कोठे जाते? आज संध्याकाळी लेकरांना घेऊन त्याच्या मागे चालत जा आणि पाहा.
२. आपल्या भरावामुळे किंवा भिंतीमुळे कोणाच्या दारात पाणी शिरते का? त्यांना आपण कधी विचारले आहे का?
३. येत्या वर्षात आपल्या नात्यात, शेजारात कोणाचे बांधकाम निघणार आहे? जुन्या घराची माती कोठे जाणार, हे त्यांच्याशी आताच बोलता येईल का?

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हांला भूमी आणि पाणी राखायला दिलेस. आमच्या घरामुळे कोणाचे पाणी गढूळ होऊ नये, कोणाच्या गोठ्यात पूर जाऊ नये, अशी सुबुद्धी आम्हांला दे. जेथे चुकलो तेथे भराव काढून घेण्याचे धैर्य दे. आमेन.